चाकांवरचं माहेर

माझ्या घरमालकांना घर आवडत नसे. तुमसरात त्यांचं चार खोल्यांचं पक्कं घर होतं, मागं विहीर, आंगणात रामफळाचं झाड, आणि हे गृहस्थ त्याच आंगणात गाडी उभी करून गाडीत झोपत. घर मला भाड्यानं दिलेलं. मी आत, मालक बाहेर. नवीन माणूस आला की विचारायचा, हे काका कोण? मी सांगायचे, हे मालक. मग तो माझ्याकडंच संशयानं बघायचा, जसं काही मीच म्हाताऱ्याला घराबाहेर काढलंय. आता माझी बदली दुसऱ्या तालुक्यात झाली आहे, तरी तो संशय माझ्या मानगुटीवरून उतरलेला नाही, आणि त्याचं कारण सांगायलाच हे लिहायला बसले.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. नवरा गडचिरोलीकडं नोकरीला, पंधरा दिवसांनी यायचा. मुलगा तिसरीत होता तेव्हा आम्ही त्या घरात आलो. पहिल्याच दिवशी काकांनी किल्ली दिली आणि म्हणाले, पोराची दहावी होईस्तोवर घर तुमचं, मी मधात उठवणार नाही. शब्द म्हणजे शब्द. मी खूश झाले. असा मालक दिवा घेऊन शोधला तरी मिळत नाही, असं मी शाळेत सगळ्यांना सांगत सुटले.

गाडीचा जन्म ॲम्ब्युलन्सचा. कुठल्याशा दवाखान्यानं भंगारात काढलेली ती लांबडी गाडी काकांनी लिलावात उचलली आणि आठ महिने खपून तिच्यात घर बसवलं. काका राइस मिलमध्ये हेड मेकॅनिक होते. चालत्या मशीनला कान लावून कोणतं बेअरिंग गेलं ते सांगायचे. हातात कसब होतं हे मी कबूल करते, नाहीतर म्हणाल बाई नुसती नावंच ठेवते. आत दोन बाजूंना दोन फळ्या, दिवसा बसायला, रात्री झोपायला. त्यांच्या वर, टपाला लागून, तिसरी फळी, ती लेकीसाठी. पूनम ही त्यांची एकुलती एक पोर. तिच्या फळीत आणि टपात एवढीच जागा की उठून बसलं की डोकं आपटायचं. मागच्या दाराशी गॅस, मसाल्याचे डबे स्प्रिंगांवर बसवलेले, कितीही खड्डे लागोत, तिखट सांडायचं नाही. बाहेरून पांढरा रंग मारला होता, पण उन्हात त्याच्याखालची लाल फुली दिसायचीच. मोहल्ल्यात त्या गाडीचं नाव फिरता दवाखाना.

संडास मात्र नव्हता. स्प्रिंगा सुचल्या, हे सुचलं नाही.

काकू, म्हणजे त्यांची बायको, गाडी चालू असेल त्या दिवशी पाणी पीत नसत. सकाळी एक घोट चहा, मग मुक्काम येईपर्यंत काही नाही. दोनदा मुतखड्यानं लोळल्या. दुसऱ्या वेळी मीच त्यांना रिक्षात घालून दवाखान्यात नेलं आणि आल्यावर काकांना तोंडावर सांगितलं, की तुम्ही झाडाआड उभे राहून मोकळे होता, बाईमाणसानं काय करायचं? मी तोंडाची फटकळ, हे सगळं तुमसर जाणतं. काका चिडले नाहीत. ते कधीच चिडत नसत, हाच त्यांचा मोठा दोष. हसून म्हणाले, "मॅडम, शरीराले वळण लावलं की लागते. चौऱ्याण्णवावा धडा हाच आहे."

धडे! ते सांगायचंच राहिलं. काका रस्त्यावर जे घडेल त्याचा धडा करत आणि त्याला नंबर देत. बस्तरच्या घाटात ब्रेक तापला, धडा. पुरीला पूनमची चप्पल समुद्रात गेली, धडा. रामेश्वरमला काकूंना ताप आला आणि तीन दिवस उतरला नाही, तोही धडा. संध्याकाळी मुक्कामी पोचलं की तिघांनी बसायचं आणि प्रत्येकानं आज काय शिकलो ते सांगायचं. काका बोलत, पूनम मोबाइलवर ते टिपत असे, मग ते व्हिडिओ जगभर जात. आमच्या शाळेतल्या निम्म्या मास्तरांचा हा दैवत माणूस. असा बाप पाहिजे, म्हणायचे. एका पेपरात अर्धं पान आलं होतं, फोटोसकट. काका स्टिअरिंगवर, पूनम खिडकीत, आणि काकू दाराच्या कडेला अर्ध्या कापलेल्या. काकूंनी तो पेपर मला दाखवला आणि म्हणाल्या, माही साडी बराबर आली बघा.

पूनम अकरा वर्षांची असताना काकांनी मिलची नोकरी सोडली. त्याआधी नुसत्या सुट्ट्यांत फिरणं होतं, नंतर बारा महिने. पावसाळ्यात तेवढी गाडी आंगणात थांबायची. शाळा भिंतीची असते, शिक्षण रस्त्याचं असते, हे त्यांचं वाक्य, आणि ते त्यांनी मला, एका मास्तरणीला, माझ्याच ओट्यावर बसून ऐकवलं. पोरगी हुशार होती. दहावीला बाहेरून फॉर्म भरून बसली, मी गणित घेतलं तिचं, पास झाली. पण त्याआधी, चौदाची असेल, एकदा माझा डबा द्यायला शाळेत आली आणि शेवटच्या बाकावर जाऊन बसली. जाईचना. मी हजेरी घ्यायला लागले तर जवळ येऊन हळूच म्हणाली, ताई, माझं पण नाव घ्या ना, खोटं खोटं. मी घेतलं. "हजर मॅडम" म्हणताना तिचा आवाज चिरकला आणि माझी पोरं हसली. मला काही हसू आलं नाही.

पावसाळ्यात गाडी आंगणात लागली की काकू घरात यायच्या, पण कशा, तर दारात उभं राहून, येऊ का मॅडम, म्हणून. स्वतःच्या घरात! मी किती वेळा सांगितलं की विचारू नका. तरी विचारायच्याच. मग स्वयंपाकघरात येऊन ओट्यावरून हात फिरवायच्या, फळीवरचे माझे डबे उंचीप्रमाणं लावून ठेवायच्या, आणि एक ग्लासभर पाणी, मग दुसरा ग्लास, सावकाश बसून प्यायच्या. चहा घ्या म्हटलं की नको म्हणत. बसायला त्यांना खुर्ची लागत नसे. भिंतीला पाठ लावून खाली बसत.

ही भिंतीची गोष्ट मला एकोडीच्या प्रसंगावरून कळली. एका वर्षी परतायला उशीर होऊन पावसाळा लागला होता. साकोलीकडून येताना एकोडीजवळ गाडी गरम झाली म्हणून उभी केली. धानाच्या रोवणीचे दिवस. शेतातल्या बांध्यांतून बायका बाहेर आल्या आणि लाल फुली बघून गाडीपुढं रांगच लावली, फिरता दवाखाना आला म्हणून. दिवसदिवस चिखलात उभं राहून सगळ्यांच्या पायांच्या बोटांत चिखल्या झालेल्या. काकांनी त्यांना गैरसमज या विषयावर धडा द्यायला सुरुवात केली. काकूंनी गुपचूप खोबरेल आणि हळद काढली आणि एकेकीच्या पायाला लावून दिली. एका म्हातारीनं मग त्यांना हाताला धरून घरी नेलं, पडवीत बसवलं. पूनमनं तो व्हिडिओ केला होता, लाखांनी बघितला. काकूंना मी विचारलं, काय झालं हो तिथं? तर लोकांचं, लाखांचं काही नाही. म्हणाल्या, "तासभर भिंतीले टेकून बसली मॅडम. गाडीत पाठ टेकते, पण तो पत्रा हलत राहते."

इतकं सगळं ऐकून तुम्ही म्हणाल, हा माणूस असा का? तर त्यालाही कारण होतं, आणि ते खोटं नव्हतं. काकांचं मूळ गाव धरणात गेलं. लोकांनी आपापल्या घरांची दारं, छपराची कवेलू, लाकडी बल्ल्या काढून नेल्या, पण काकांच्या वडिलांनी एक खिळा काढू दिला नाही. पाणी आंगणात आलं तरी म्हातारा पडवीत बसून. शेवटी चौघांनी उचलून आणला, आणि तुमसरच्या या घरात तो दीड वर्ष भिंतीकडं तोंड करून जगला आणि गेला. काका सांगायचे तेव्हा आवाज बदलायचा त्यांचा. "घर बुडते मॅडम. चाक बुडत नाही." मी म्हटलं, काका, चाक पंक्चर होतं. तर एकदम खुलले, म्हणाले, तेच तर, पंक्चर काढता येते! वडिलांच्या घरातून त्यांनी एकच वस्तू आणली होती, सागवानी उंबरठा, वडिलांना न विचारता, शेवटच्या दिवशी पहार लावून काढलेला. तो त्यांनी या घराला बसवला. मी दर शनिवारी त्यावर हळदकुंकू वाहायचे.

पूनमचं लग्न एकोणिसाव्या वर्षी झालं. घाई कुणी केली, तर पोरीनं. आईला सांगितलं, मुलगा काळा असो, गोरा असो, घर पक्कं पाहिजे आणि त्याला फिरायची हौस नको. सिहोऱ्याचं स्थळ मिळालं. धानाची शेती, मोठं आंगण, नवरा असा की भंडाऱ्याला जायचं तर दोन दिवस आधी तोंड पाडून बसणारा. पूनम लग्नात एवढी खूश की विदाईला रडलीसुद्धा नाही. काकांनी लग्नात भाषण केलं, विदाईच्या धड्यावर. माणसं टाळ्या वाजवून जेवायला गेली.

वर्षभरात दिवस राहिले. आणि इथून पुढं जे झालं त्यात मीही आहे.

आपल्याकडं पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्या-आठव्या महिन्यात ओटी भरायची आणि लेक घरी आणायची, मग बाज, शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, सव्वा महिना. गरिबातली गरीब आईसुद्धा हे सोडत नाही. काकूंनी आयुष्यात काही मागितलेलं मी पाहिलं नव्हतं. त्या डिसेंबरात त्या आल्या, येऊ का विचारून आल्या, आणि भिंतीशी बसून खालच्या मानेनं म्हणाल्या, "मॅडम, पुढच्या दोन खोल्या चार महिने द्या ना. पोट्टी येते माही. मागच्या दोन तुमाले राहतील. मी स्वयंपाकाले पण येणार नाही तुमच्या मधात, बाहेर चूल मांडीन."

माझा मुलगा दहावीत होता. मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा. घरात बाळंतीण, रडणारं पोर, शेगडीचा धूर, येणारेजाणारे. माझ्या डोळ्यांपुढं हे सगळं उभं राहिलं आणि मी म्हणाले, काकांना विचारा ना काकू, घर त्यांचं आहे. अगदी गोड आवाजात म्हणाले. काका काय म्हणतील ते मला पक्कं माहीत होतं, म्हणूनच म्हणाले.

आणि ते तसंच म्हणाले. भाडेकरूला मधात हलवणं म्हणजे शब्द मोडणं, मी मॅडमले दहावीचा शब्द दिला. अन् घर कायले पाहिजे? माहेर म्हणजे आई. आई जिथं, तिथं माहेर. गाडीतच करू बाळंतपण, सिहोऱ्याच्या तलावाच्या काठच्या पाळीवर गाडी लावू, दवाखाना जवळ, हवा मोकळी. त्यांनी कामालाही सुरुवात केली. खालची एक फळी रुंद केली, पाळण्याला कडी बसवली, शेक-शेगडीसाठी पत्र्याचा ट्रे केला. ठोकाठोक चालायची दिवसभर. काकू आंगणात बसून डिंक तळायच्या आणि त्या गाडीकडं बघतही नसत.

मग सिहोऱ्याहून पूनमच्या सासूचा निरोप आला. बाई सरळ होती, भांडकुदळ नव्हती. म्हणाली, तुमची लेक पाठवायला आमची ना नाही, पण आमच्याकडं ओटी भरलेली बाई माहेरचा उंबरठा ओलांडून आत जाते, मग तिचं पाऊल टेकलं असं धरतात. गाडीले उंबरठा कुठून आणसान?

त्या आठवड्यात एक दिवस मी शाळेतून आले तर माझ्या दाराला उंबरठा नव्हता. फुटलेली फरशी, मातीचा खड्डा, आणि आंगणात काका रंधा मारत बसलेले. गाडीच्या दाराच्या मापात बसवायला उंबरठ्याची दोन्ही टोकं कापली होती. कामात इतके रमलेले की घामानं शर्ट चिकटला तरी भान नाही. मला बघून लहान पोरासारखे हसले. "पाहा मॅडम, उंबरठा पाहिजे म्हणाले, उंबरठाच देतो. बापाचा आहे."

माझा संताप संताप झाला. साप येईल, विंचू येईल, हे काय चालवलंय, असं मी बोलत राहिले. आणि बोलता बोलता तोंडून निघालं, अहो, उंबरठा कशाला काढता, त्यापेक्षा घरच...

तिथं थांबले. काका रंधा थांबवून बघत होते. काकू डिंकाच्या कढईतून मान वर करून बघत होत्या. त्यापेक्षा घरच घ्या, मी जाते. एवढंच वाक्य. मला पुढच्या गल्लीत खोली मिळाली असती, शाळेतल्या एका बाईंच्या ओळखीनं विचारलंही होतं मी, गुपचूप. पण तिथं मुलाला वेगळी खोली नव्हती. मी ते वाक्य गिळलं आणि म्हणाले, त्यापेक्षा नवीन घ्यायचा होता लाकडाचा. आणि आत जाऊन दाराशी दोन विटा लावल्या.

जानेवारीतल्या एका रविवारी ओटी भरायला निघालो. काकूंनी मला सोबत घेतलं, आपल्या बाजूची एक सवाष्ण पाहिजे म्हणून. गाडी धुतलेली, दाराला आंब्याच्या पानांचं तोरण, आणि दाराशी तो उंबरठा, हळदीच्या बोटांनी रंगवलेला. मी प्रथमच त्या गाडीत बसून प्रवास केला. तुमसरपासून सिहोऱ्यापर्यंत माझ्या पाठीला पत्रा हादरे देत होता आणि तिखटाचा डबा स्प्रिंगवर डोलत होता. काका गाणं गुणगुणत होते. काकूंच्या मांडीवर ओटीचं ताट, त्यांनी ते दोन्ही हातांनी धरलेलं, सांडू नये म्हणून.

सिहोऱ्याच्या आंगणात गाडी लागली तेव्हा अर्धं गाव गोळा झालं. पूनमच्या सासूनं पाट मांडला होता, तांदळाची रांगोळी घातली होती. काकांनी दार उघडून सगळ्यांना आत दाखवलं, रुंद केलेली फळी, पाळण्याची कडी, शेगडीचा ट्रे. माणसं वाकून वाकून बघत होती, वाहवा म्हणत होती. सगळं बघून झाल्यावर सासू म्हणाली, मेहनत केली भाऊ तुम्ही, खोटं नाही बोलणार. पण जिले राहाचं हाय तिले विचारा.

पूनम पाटावर बसली होती. नऊवारी नाही, साधीच हिरवी साडी, पोट चांगलं दिसत होतं, पाय सुजलेले. ती उठली, हळूहळू गाडीच्या दारापर्यंत गेली. उंबरठ्यावर हात फिरवला तिनं. आजोबांचा ना, म्हणाली. काकांनी मान डोलावली, डोळे भरले होते त्यांचे. मला वाटलं, जिंकला म्हातारा. तेवढ्यात पूनम म्हणाली:

"बाबा, त्या वरच्या फळीवर मी आठ वर्षं झोपली. उठून बसता येत नव्हतं मले. माझं लेकरू त्या गाडीत नाही जन्माचं."

मग ती आईकडं वळली आणि विचारलं, "आई, घर रिकामं झालं का?"

काकूंनी ताट घट्ट धरलं आणि माझ्याकडं बघितलं. पूनमनंही बघितलं. सासूनं, शेजारणींनी, सगळ्यांनी. माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. मी मास्तरीण, दिवसाचे सहा तास बोलणारी, रिक्षावाल्याशी, हेडमास्तरांशी, कुणाशीही भांडणारी, आणि मला तेव्हा एवढंच सुचलं, की मुलाची दहावी आहे गं, परीक्षा मार्चमध्ये आहे.

पूनम म्हणाली, राहू द्या ताई. आणि जाऊन पाटावर बसली.

ओटी काकूंनी तिथंच भरली, लेकीच्या सासरच्या आंगणात, रिवाज उलटा करून. तांदूळ अर्धे खाली सांडले. सासूनं ते वेचून परत पदरात घातले. परत येताना काका नेहमीसारखी गाडी चालवत होते. अर्ध्या रस्त्यात म्हणाले, पोरगी स्वतःचा निर्णय घ्यायले शिकली, हे आपल्याच प्रवासाचं फळ आहे. काकू खिडकीतून कापलेल्या बांध्या बघत होत्या. मी बाईमाणूस, मला त्या क्षणी त्या माणसाचं डोकं फोडावंसं वाटलं, आणि मग वाटलं, आपण कोण फोडणार.

पूनमला मुलगा झाला, फेब्रुवारीच्या शेवटी. काकू पाचवीला गेल्या. चांदीचं कडं, झबली, आणि तो डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊन. सव्वा महिना करायचं ते सगळं सासू करत होती आणि मनापासून करत होती. काकू दिवसभर बाजेच्या पायथ्याशी बसल्या. बाळाला आंघोळ घालायला हात पुढं केला तर तिथल्या सुईणीनं म्हटलं, बसा हो, तुम्ही पाहुण्या. वाईट मनानं नाही म्हटलं. रिवाजच तसा. पाहुण्यांना चहा दिला, जेवायला वाढलं, संध्याकाळच्या एसटीनं पाठवलं. हे काकूंनी मला सांगितलं तेव्हा त्या रडत नव्हत्या. माझ्या घरात बसून, म्हणजे त्यांच्या घरात बसून, एका ग्लासनंतर दुसरा ग्लास पाणी पीत होत्या.

त्याच आठवड्यात स्टाफरूममध्ये सगळे मोबाइलवर एक व्हिडिओ बघत होते. काका गाडीच्या दारात त्या उंबरठ्यावर बसलेले, मागं तलाव. लेकीनं मला सर्वांत मोठा धडा दिला, म्हणत होते, आपण ज्यांच्यावर प्रेम करतो त्यांना मोकळं सोडायला शिका. खाली हात जोडलेल्या चित्रांच्या रांगा. एका मास्तरांनी डोळे पुसले. मी म्हटलं, सर, त्या बाईला पाणी तरी पिऊ द्या म्हणावं यांना. त्यांना काही समजलं नाही, आणि समजावून सांगायला मी कुठल्या तोंडानं सांगणार होते.

परीक्षा झाली. मुलाला पुढं मार्क बरे पडले, फार नाहीत. एप्रिलमध्ये मी घर सोडलं. शब्द पुरा झाला होता, कुणी काही म्हणायचं कारण नव्हतं. काकूंना किल्ली दिली तर त्यांनी ती पदराला बांधली, आभार मानले माझे. हो, आभार! त्या दिवसापासून त्या घरात राहतात आणि गाडीत पाय ठेवत नाहीत. काका आंगणात गाडीतच झोपतात, मनात आलं की एकटेच जातात, पंधरावीस दिवसांनी येतात. भांडण नाही, तंटा नाही. जेवायच्या वेळी काकू खिडकीतून ताट देतात.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, पूनम बाळाला घेऊन आली. रोवणी आटपून जरा सवड झाली होती. काकूंनी मलाही बोलावलं होतं. काकांनी नातवासाठी लाकडाचा बैल केला होता, शिंगं रंगवलेली, पायाखाली खऱ्या बेअरिंगची चाकं, फरशीवर सुळकन पळायचा. बाळ सहा महिन्यांचं, त्या बैलाकडं बघून खिदळत होतं. काका त्याच्यापुढं रांगत होते. त्या वेळी मी त्यांच्यावर चिडू शकले नाही, प्रामाणिकपणे सांगते. पूनम भिंतीशी खुर्चीच्या टोकावर बसली होती, पिशवी मांडीवरच. काकूंनी पुरणपोळी केली, वाढली. मागच्या खोलीत नवी गादी घातली होती, वर टॉवेल, पाळण्याला नवी दोरी. मला मुद्दाम नेऊन दाखवलं.

चार वाजता पूनमनं बाळाचं टोपडं बांधलं. काकू म्हणाल्या, आजचा दिवस राहा ना माय, उद्या जाशील. पूनम म्हणाली, "नको आई. याले दुसरीकडं झोप येत नाही. एका जागेची सवय लावली मी याले."

काका म्हणाले, मग मी गाडीनं सोडून देतो, अर्ध्या तासात सिहोरा. ती म्हणाली, नाही बाबा, एसटीनं जाते. गाडी फाटकात आडवी लागली होती. काकांनी ती मागं घ्यायला चावी लावली तर चालू होईना, दोनदा, तीनदा खरखरली. पूनम थांबली नाही. पिशवी डोक्यावर घेतली, बाळाला छातीशी धरलं आणि गाडी आणि कंपाउंडची भिंत यांच्यामधून आडवी होऊन बाहेर निघाली. बैल बाळाच्या हातात होता.

मी स्कूटर काढली आणि तिला स्टँडवर सोडायला गेले. सिहोऱ्याची गाडी लागलेलीच होती, माणसं चढत होती. सात महिने जे वाक्य माझ्या घशात अडकलं होतं ते मी तिथं, त्या गर्दीत, कसंबसं बाहेर काढलं. म्हटलं, पूनम, तेव्हा मी घर सोडायला पाहिजे होतं.

मला वाटलं ती म्हणेल, जाऊ द्या ताई, तुमची काय चूक. लोक म्हणतात तसं. तिनं बाळाला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं, माझ्याकडं नीट बघितलं.

"हाव ताई," ती म्हणाली, "पाहिजे होतं." आणि गाडीत चढली.